जुनी गाडी आणि आमच्याकडचं पाणी

धाराशिवहून भाच्याचा निरोप आलाय. "मामा, दोन हजार चारची मारुती ८०० बघितलीय. मालक पंचावन्न हजार म्हणतो. काय काय बघून घेऊ?" ताईला महिन्यातून दोनदा सोलापूरला दवाखान्यात न्यावं लागतं आणि एस.टी.त तिला आता बसवत नाही, म्हणून हा खटाटोप. पंचावन्न हजार म्हणजे त्याची दोन वर्षांची शिल्लक. गाडी पंधरा दिवसांत उभी राहिली तर पैसे तर गेलेच, शिवाय तामलवाडीच्या माळावर ताईला घेऊन उन्हात उभं राहायची वेळ.

फोनवर पाच मिनिटांत सांगून झालं असतं. पण मनात यादी करायला लागलो आणि लक्षात आलं, की यातली प्रत्येक खोड कुठल्या तरी एका वर्षाची आणि कुठल्या तरी एका गावची आहे. गाडी बनली गुरगावात, पण ती बिघडली ती आमच्या जिल्ह्याच्या पद्धतीने. तेव्हा मंडळी, भाच्याच्या निमित्ताने थोडा इतिहास. ज्यांना फक्त गाडी घ्यायचीय त्यांनी मधलं गाळून वाचलं तरी चालेल.

सुरुवात सोलापूरपासून करायला हवी. कारण ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, ते सोलापूरचे. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी तिथे अमेरिकन गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि फियाट ११०० आली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. कुर्ल्याची फियाट आणि कलकत्त्याकडची अँबॅसेडर, मध्यमवर्गाला (म्हणजे त्यातल्या वरच्या टोकाला) निवड एवढीच. सरकार किती गाड्या बनवायच्या ते ठरवणार, १९६९ पासून काही वर्षं तर किंमतही सरकारच ठरवणार. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. त्यामुळे एक गंमत झाली होती, जी आजच्या पोरांना सांगितली तर खोटी वाटते. वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची! नवी कागदावर आहे, जुनी दारात उभी आहे, मग दारातलीला जास्त पैसे.

अशा काळात जुनी गाडी घेताना कोण कशाला तपासणार? मिळाली हेच नशीब. आणि तपासायचं तरी काय, कारण ती गाडी उघडी पुस्तकासारखी होती. इंजिन पुढे, मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट, मागची चाकं ओढणारी. आमच्या गावचा मिस्त्री ट्रॅक्टर, जीप आणि फियाट एकाच पान्याने खोलायचा. बिघाड दिसायचा, ऐकू यायचा, आणि लेथवर एखादा बुश कातून दुरुस्त व्हायचा. दरवर्षी काही ना काही मोडायचंच, पण अचानक काही मोडायचं नाही.

आता आमच्याकडचं पाणी.

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरून आलेल्या कुठल्याही यादीत हे नीट सापडत नाही. आमचा जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारावर बसलेला, खाली सगळा काळा दगड. पाऊस बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरींच्या जोडीला बोअर घ्यायची पद्धत वाढत गेली, आणि बोअरचं पाणी म्हणजे क्षारांचं पाणी. घरात हंड्याच्या तळाला, बंबाच्या आतल्या नळीला जो पांढरा थर बसतो, तोच थर गाडीच्या रेडिएटरमध्ये बसतो. रेडिएटरच्या नळ्या बोरूच्या काडीपेक्षा बारीक. वर्षभर बोअरचं पाणी घातलं की निम्म्या बुजल्या. वर मार्च ते जून चाळिशी पार केलेलं ऊन.

आमचे थोरले काका उमरग्याला वकिली करायचे. त्यांच्याकडे एक जुनी गाडी होती (तिचं नाव कशाला घ्या, दोष तिचा नव्हताच). ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. लातूरकडची गावं सगळ्यांना आठवतात, पण आमच्या उमरगा आणि लोहारा भागातलीही गावं पडली होती, सास्तूरसारखं मोठं गाव मातीला मिळालं. ज्याच्याकडे चाकं होती तो जखमी उचलून निघाला. ट्रॅक्टर, जीप, दुधाच्या गाड्या, सगळं. काकांनी दोघांना मागच्या सीटवर घेतलं आणि हायवेने सोलापूर धरलं. नळदुर्गच्या अलीकडे गाडी उकळली. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. थंड होईपर्यंत, बोरी नदीवरून पाणी आणून घालेपर्यंत पाऊण तास गेला. मागच्या दोघांपैकी एक म्हातारे गृहस्थ होते, ते या पाऊण तासात एकदाही कण्हले नाहीत, आणि काकांना त्याचीच जास्त भीती वाटत होती. सोलापूरला पोचले दोघं. नंतर बरेही झाले. काकांनी मात्र परत आल्यावर रेडिएटर काढून घेतला, आणि मिस्त्रीने तो उलटा करून आपटला तेव्हा फरशीवर चुन्यासारख्या खपल्या पडल्या. मिस्त्री म्हणाला, "वकीलसाहेब, हिनं लई पाणी खाल्लंय." काका त्यानंतर गाडीत कायम पावसाच्या पाण्याचा कॅन ठेवायचे. पिण्यासाठी नाही, गाडीसाठी.

म्हणून भाच्याला पहिली गोष्ट हीच सांगितली. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघड. (गरम असताना उघडलंस तर तोंड भाजेल, आधीच सांगतो.) आत हिरवं किंवा लाल कूलंट दिसलं तर मालक बरा माणूस आहे. तपकिरी पाणी असेल तर आतला पत्रा गंजतोय. झाकणाच्या कडेला पांढरा थर असेल तर ते आमचं बोअर. बोट घालून बघ, खरखरीत लागतं.

आता मारुतीकडे येऊ. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीच्या हरपाल सिंग यांना इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मिळाली. त्याआधीच लाखाहून जास्त लोकांनी दहा-दहा हजार रुपये भरून नंबर लावले होते. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास. तीन सिलेंडर, ७९६ सीसी, बारा इंची चाकं. १९८६ ला तिचा आकार बदलला, आणि तोच आकार किरकोळ फरकाने पुढे शेवटपर्यंत, म्हणजे जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत टिकला. पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या. तेव्हा आज बाजारात जी स्वस्त जुनी छोटी गाडी दिसते ती बहुतेक वेळा हीच असते.

पण आमच्या मिस्त्रींना ती कळायला दहा वर्षं लागली, आणि त्या दहा वर्षांच्या खुणा अजून जुन्या गाड्यांवर सापडतात. या गाडीत पुढची चाकं ओढतात. प्रोपेलर शाफ्ट नाही, त्याऐवजी गिअरबॉक्समधून दोन्ही बाजूंना आखूड शाफ्ट जातात, त्यांच्या टोकाला वळणारे सांधे, आणि सांध्यांवर ग्रीस भरलेला रबरी बूट. फियाटच्या सवयीने कोणी तो बूट बघायचंच नाही. बूट फाटला, ग्रीस उडून गेलं, आत आमची काळी धूळ शिरली की सांधा संपला. ओळखायची रीत सोपी आहे. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी हळू गोल फिरवायची. टक-टक-टक असा आवाज आला की सांधा गेला. मग दुसऱ्या बाजूला तसंच. (ताईच्या घराजवळ मैदान आहे, मालकाला तिथेच बोलव म्हटलं. शाळेची सुटी बघून.)

दुसरा घोळ पंख्याचा. फियाटचा पंखा पट्ट्याने इंजिनाबरोबर कायम फिरायचा. मारुतीचा पंखा विजेवर, पाणी तापलं की आपोआप सुरू होणारा. तो सुरू करणारा छोटा स्विच बिघडला की आमच्याकडे नवा स्विच घालण्याऐवजी वायर "डायरेक्ट" करायची पद्धत पडली. डॅशबोर्डखाली एक घरातल्या बोर्डासारखं बटण, बसलं की दाबायचं. आणि जास्त तापायला लागली तर थर्मोस्टॅटच काढून टाकायचा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कधी नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, आतला भाग लवकर झिजतो. पण गाडी उकळत नाही ना, मग झालं! अशा गाडीचा मालक विकताना छातीवर हात ठेवून सांगतो की गाडी कधी तापत नाही. तो खोटं बोलत नसतो. म्हणून गाडी जागेवर वीस मिनिटं चालू ठेवायची आणि पंखा आपला आपण सुरू होतो का, थोड्या वेळाने आपला आपण थांबतो का, हे बघायचं. मालक कितीही घाई करू दे. वीस मिनिटं चहा प्यायला लागतातच.

एकदा जास्त तापली असेल तर हेड वाकतं. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्याला उष्णता सोसत नाही. हेड गॅस्केट फुटलं की पाणी आणि ऑइल एकत्र येतं. ऑइल घालायचं झाकण काढून आतून बघायचं. दुधाच्या चहावरच्या सायीसारखं पिवळट पांढरं काही चिकटलं असेल तर नमस्कार करून निघायचं. दुसरी खूण म्हणजे झाकण उघडं ठेवून थंड गाडी सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये एकसारखे बुडबुडे येत राहणं. आणि विचारायचं, हेडला कधी फेस मारलाय का? एकदा मारला असेल तर चालतं. दोनदा मारला असेल तर त्या गाडीने आपलं आयुष्य जगून घेतलंय.

धुराचं सगळ्यांना ठाऊक असतं, निळा धूर म्हणजे ऑइल खातेय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. फक्त एवढंच, की बघायला सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर मालकाने तुझ्या येण्याआधी गाडी सुरू करून ठेवलीय. का ठेवलीय, ते त्याला विचार.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणखी एक प्रकरण सुरू झालं, गॅस. पेट्रोल महाग, स्वयंपाकाचा गॅस स्वस्त. मग डिकीत लाल सिलेंडर आडवा ठेवून गाड्या पळायला लागल्या. बेकायदा होतं, धोक्याचंही होतं, लग्नाला जाताना वऱ्हाडी सिलेंडरला टेकून बसलेले मी पाहिलेत. २००० साली कायद्यात दुरुस्ती होऊन गाडीसाठी गॅस अधिकृत झाला, पण गॅस पंप मोठ्या शहरांत. आमच्याकडे लाल सिलेंडरच चालू राहिला. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीच्या व्हॉल्व्हच्या बैठकी झिजतात, आणि कार्बोरेटर कोरडा पडून त्यातले रबरी पडदे, गॅस्केटं वाळून जातात. विकताना किट काढून ठेवतात. पण भोकं कशी काढणार? डिकीची चटई उचलून बघायचं, पट्टी बसवल्याची भोकं, तळाला नळीच्या क्लिपांच्या खुणा. एअर फिल्टरच्या डब्याला एखादं बुजवलेलं भोक. ज्या गाडीला या खुणा आहेत आणि मालक म्हणतो "गॅसवर कधी चालवलीच नाही", तिथे बाकीच्या बोलण्यावरही किती विश्वास ठेवायचा ते आपलं आपण ठरवावं.

साधारण त्याच सुमारास, २००० च्या आसपास, प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ८०० चा कार्बोरेटर जाऊन तिथे एमपीएफआय आलं. म्हणजे पेट्रोल किती जायचं ते एक छोटा संगणक ठरवणार. भाच्याची गाडी या जातीची. कार्बोरेटर स्क्रू ड्रायव्हरने जुळवणाऱ्या मिस्त्रींचा हा दुसरा वनवास. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा एक दिवा असतो. दोष असेल तर तो पेटून राहतो. त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे बल्ब काढून टाकणे! त्यामुळे किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, तो दिवा पेटायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. पेटलाच नाही तर तो बल्ब कुणाच्या तरी खिशात आहे.

२००१ साली मारुतीने स्वतःच जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला. तोवर पुण्या-मुंबईकडचे लोक ८०० विकून झेन, सँट्रो, अल्टो घ्यायला लागले होते, आणि त्यांच्या ८०० एजंटांच्या हातून आमच्या बाजूला यायला लागल्या. आमच्या जिल्ह्याचा नंबर एमएच-२५, पण बसस्टँडसमोर उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांचे नंबर वाचा, १२ पुणे, १३ सोलापूर, ०४ ठाणे. नंबर वाचणं हीसुद्धा तपासणी आहे. समुद्राकाठची, मुंबई-ठाण्याची किंवा रत्नागिरीची (०८) गाडी असेल तर आधी पत्रा बघायचा. दारांच्या खालचा भाग, पायाखालची चटई उचलून फरशी, मागच्या चाकांवरची आतली बाजू. वरून लांबी भरून रंग मारलेला असतो, लोहचुंबक तिथे चिकटत नाही. आमच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो हो, पण रबर मरतं. उन्हाने पाईप, बुश, दाराच्या पट्ट्या, टायर सगळं तडकतं. दुष्काळाच्या वर्षी गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात, टायरच्या नक्षीवर जाऊ नये. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी आणि टायर सहा-सात वर्षांचा, असा प्रकार आमच्याकडे फार.

किलोमीटरच्या आकड्याबद्दल मी काही बोलत नाही. क्लचच्या पायपट्टीचं रबर बघावं, ते खरं बोलतं.

टायमिंग बेल्टचं मात्र सांगतो. हा पट्टा तुटायच्या आधी कसलाही आवाज करत नाही. बदलल्याची पावती नसेल तर गाडी घेतल्याबरोबर बदलायचा, आणि तो खर्च किमतीतून आधीच कापून मागायचा. दुसरा गिअर टाकून उतारावर अॅक्सिलरेटर सोडून द्यायचा, गिअर आपोआप बाहेर उडी मारतो का बघायचं. आणि शेवटची चाचणी म्हणजे तुळजापूरचा घाट. सोलापूरच्या बाजूने, उन्हात, गाडीत चार माणसं. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. वर पोचल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू करायचं. बऱ्याच गाड्या थंड सुरू होतात, गरम सुरू होत नाहीत. (देवीचं दर्शनही होऊन जाईल, दहा मिनिटांत नाही होणार म्हणा.)

आता दोन नव्या गोष्टी, ज्या काकांच्या वेळी नव्हत्या. एक, वीस वर्षांवरच्या मोटारीची पुन्हा नोंदणी करायची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झालीय. दोन हजार चारची गाडी त्यात येते. पुढची नोंदणी कधीपर्यंतची आहे ते आर.सी. बुकात बघायचं, आणि चासी नंबर पत्र्यावरून स्वतः वाचून ताडून बघायचा. दिल्लीत जुन्या गाड्यांवर न्यायालयाचे निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्याही देशभर फिरतायत. दुसऱ्या राज्याची असेल तर ना हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

दोन, पेट्रोल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल मुख्यतः उसाचं आणि धान्याचं, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या उसाला त्यातून काही मिळत असेल तर आनंदच आहे. पण २००४ च्या गाडीचे रबरी पाईप आणि सील या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. ते मऊ पडतात, फुगतात, झिरपतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचे पेट्रोलचे सगळे रबरी पाईप नवीन, इथेनॉल सोसणारे घालून घ्यायचे. काही शे रुपयांचं काम आहे. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर हे काम घाटावर जायच्या आधी, नंतर नाही. आणि रेडिएटरमध्ये कूलंटबरोबर घालायला बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. बोअरचं चालणार नाही, टँकरचंही नाही.